नेमके नाव ठरेपर्यंत : टाटा मेमोरियल रुग्णालय आणि कान-नाक-घशाच्या रोगांचे निदान

28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा तिथे 80 खाटा होत्या आणि वर्षाचा खर्च 5 लाख रुपये धरलेला होता. भोवती गिरणगाव, समोर केईएम, हाकेच्या अंतरावर वाडिया आणि हाफकिन. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीच्या विश्वस्त निधीतून ही इमारत उभी राहिली. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो आणि रुग्णालयाचा इतिहास सांगताना सगळे जण इथूनच सुरुवात करतात. मला मात्र या इतिहासातला एक आतला धागा या स्मरणिकेत नोंदवायचा आहे. गाठ कसली आहे हे नक्की ठरल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि ते एकट्याने ठरवायचे नाही, ही शिस्त या संस्थेने पहिल्या दिवसापासून पाळली. कान, नाक आणि घसा या भागात तिची जितकी कसोटी लागली तितकी क्वचितच दुसरीकडे लागली असेल.

या शिस्तीचे पहिले श्रेय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना जाते. 1895 साली जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीची पदवी घेऊन परतले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि मग सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज इथे शिकवल्यावर ते टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. त्या काळी बहुतेक ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट म्हणजे तळघरात बसून बाटलीत आलेल्या तुकड्यावर चार ओळी लिहिणारा माणूस. सर्जनने कापायचे, यांनी नाव सांगायचे, तेही ऑपरेशन होऊन गेल्यावर. खानोलकरांनी परळमध्ये ही रीत मोडली. तुकडा कुठून घेतला, रोग्याचे वय काय, गाव कुठले, तंबाखू कशी खातो, कोणत्या गालात धरतो हे कळल्याशिवाय काचेवरच्या पेशींचा अर्थ लागत नाही असे ते मानत. 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, त्याचे पहिले संचालकही तेच. 1954 साली पद्मभूषण, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान, हे सगळे त्यांच्या चरित्रात सापडते. माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांना त्यांनी एकमेकांशी बोलायला लावले.

समोर सर्जनही तसेच होते. गोमंतकीय कुटुंबातले डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आज रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आहे. बाहेरगावच्या रुग्णांसाठी वांद्र्याला जे निवासस्थान आहे, तेही त्यांच्याच नावाने. डॉ. जाल पेमास्टर यांनी गालाच्या आतल्या कर्करोगाच्या 650 भारतीय रुग्णांचा अभ्यास 1956 साली प्रसिद्ध केला. डॉ. दाराब जस्सावाला यांनी नवल टाटा यांच्या साथीने 1951 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी उभी केली. तिच्यातूनच 1963 साली मुंबईची कर्करोग नोंदवही सुरू झाली. एका विशिष्ट लोकसंख्येत कोणता कर्करोग किती जणांना होतो हे मोजणारी ती देशातली पहिली नोंदवही.

कान-नाक-घशाच्या ओपीडीत पहिली काही दशके सगळा भार होता तो कपाळावरच्या गोल आरशावर आणि हातातल्या छोट्या आरशावर. घशातला आरसा ही 1854 साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने स्वतःच्या गळ्यात डोकावताना शोधलेली युक्ती. तपासणी बघायला सोपी, करायला अवघड. छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर जरासा कोमट करायचा, म्हणजे श्वासाची वाफ धरत नाही. तो हाताच्या पाठीला टेकवून चटका तर बसणार नाही ना हे पाहायचे. रोग्याची जीभ गॉजच्या तुकड्यात धरून पुढे ओढायची, आरशाच्या पाठीने पडजीभ अलगद वर लोटायची आणि त्याला लांबवून ‘ई’ म्हणायला सांगायचे. उबळ यायच्या आत दोन-तीन क्षण मिळतात. तेवढ्यात दोन्ही स्वरतंतू एकमेकांकडे येतात की एक जागच्या जागी ताठ उभा आहे, अन्ननलिकेच्या तोंडाशी लाळ साचली आहे का, जिभेच्या मुळाशी काही उंचवटा आहे का, हे सगळे पाहून घ्यायचे. पुढे लवचीक दुर्बीण आली, मग पडद्यावर चित्र दिसू लागले, तपासणी नोंदवून ठेवता येऊ लागली. पण लाळ साचली आहे, म्हणजे तिच्याखाली काहीतरी दडले आहे, हा तर्क आरशाच्या काळातलाच.

हा भाग फसवतो म्हणून ही दक्षता. रोग एका जागी असतो आणि तक्रार दुसऱ्याच जागी. पन्नाशीचा माणूस महिनाभर कान ठणकतो म्हणून थेंब घालत राहतो. कान पाहावा तर पडदा स्वच्छ, नळी कोरडी. कवटीतून निघणारी व्हेगस नावाची दहावी चेता स्वरयंत्राला आणि घशाच्या खालच्या कोनाड्यांना संवेदना देते, तिचीच एक बारीक फांदी कानाच्या नळीत जाते. म्हणून घशाच्या तळाशी बसलेली जखम कानात दुखते. कान चांगला आणि तरी ठणका असेल तर घसा पाहिल्याशिवाय रोग्याला घरी पाठवू नये, ही इथल्या निवासी डॉक्टरांना मिळणारी अगदी पहिल्या धड्यातली शिकवण. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी साठले तर नाकाच्या मागची पोकळी पाहायची. घसा बसून तीन आठवडे झाले आणि आवाज सुटला नाही, तर मिठाच्या गुळण्या सांगून दिवस काढायचे नाहीत.

मानेतली गाठ हा तर वेगळाच अध्याय. आपल्याकडे मानेत गाठ आली की ती टीबीची असे आधी धरले जाते, आणि पुष्कळदा ती असतेही. पण जिभेच्या मुळातल्या किंवा नाकामागच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते. मूळ रोग गाजराच्या बीएवढा आणि गाठ लिंबाएवढी, अशी स्थिती असते. मग कुठेतरी गावात ती गाठ घाईने कापून काढली जाते, टाके घातले जातात, सहा महिने टीबीची औषधे चालतात आणि रोगी परळला येतो तेव्हा गाठीच्या जागी व्रण आणि व्रणाभोवती पसरलेला रोग. न्यू यॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातले सर्जन हेज मार्टिन यांनी 1940 आणि 1950 च्या दशकांत कळकळीने सांगितले होते की मानेतली गाठ उघडण्याआधी तोंड, नाक, घसा कसून तपासा. परळमध्ये हा क्रम पक्का बसला : आधी आरसा किंवा दुर्बीण, मग बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासणी, आणि चाकू सगळ्यात शेवटी. सुईची तपासणी आली तेव्हा पुष्कळ रोग्यांची एक अनावश्यक शस्त्रक्रिया टळली. एवढ्या स्वस्त साधनाने इतके मोठे काम केल्याची उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

तंबाखूचे निदान याच भिंतींच्या आत झाले, असे मी म्हणेन. एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचे कर्करोग यांवरचा लेख 1955 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याच सुमारास मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी ताठ होत जाणारा, तोंड उघडू न देणारा विकार सबम्युकस फायब्रोसिस या नावाने वर्णन केला. सुपारीशी जोडलेला हा विकार आज गुटखा आणि मावा खाणाऱ्या पोरांच्या तोंडात सर्रास दिसतो. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. टपऱ्यांवर पुड्या अजून मिळतात आणि ओपीडीतली रांग कमी झालेली नाही. 1955 पासून पुरावा हाती असताना ही बंदी खूप आधीच यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

तंबाखूवाल्या तोंडात निदानाचा एक खास सापळा असतो. गालात फुलकोबीसारखी पांढरी वाढ येते, हळूहळू पसरते, दुखत नाही. वरवरचा तुकडा घेतला की रिपोर्ट येतो : त्वचा जाड झाली आहे, कर्करोगाची खूण नाही. पुन्हा तुकडा, पुन्हा तोच रिपोर्ट. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट लॉरेन ॲकरमन यांनी 1948 साली या रोगाला व्हेरुकस कार्सिनोमा हे वेगळे स्थान दिले, आणि त्याचे निदान वाढीच्या तळाचा खोल तुकडा घेतल्याशिवाय होत नाही हे दाखवले. पेशी साळसूद दिसतात. खोटेपणा दिसतो तो तळाशी, जिथे त्यांची रुंद मुळे खालच्या थरात रेटून घुसलेली असतात. सर्जनने गालात काय पाहिले ते पॅथॉलॉजिस्टला सांगितले नाही तर हा रोग दरवर्षी निसटत राहतो. तुकड्याने दिलेल्या खोट्या दिलाशाचा एक जुना दाखला आहे. जर्मनीचा युवराज फ्रीड्रिख याच्या स्वरतंतूवरच्या गाठीचे तुकडे 1887 साली लंडनच्या मोरेल मॅकेन्झी यांनी काढले आणि ते फिरखोसारख्या जगप्रसिद्ध पॅथॉलॉजिस्टने तपासले. कर्करोग आढळत नाही, असे त्यांनी कळवले. बादशहा झाल्यावर 99 दिवसांनी फ्रीड्रिख स्वरयंत्राच्या कर्करोगाने गेला. तुकडा कुठून आला हे महत्त्वाचे, हा धडा युरोपने इतकी किंमत मोजून शिकला.

कारभाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1957 मध्ये रुग्णालय केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले, 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. किरणोत्सार हा कर्करोगाच्या उपचारात पुढे फार मोठा होणार हे होमी भाभांनी ओळखले होते. 1966 मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. 2002 मध्ये खारघरला ॲक्ट्रेक हे संस्थेचे उपचार आणि संशोधनाचे केंद्र उभे राहिले. 80 खाटांच्या 600 च्या वर खाटा झाल्या, इमारती वाढल्या, होमी भाभा ब्लॉक आणि गोल्डन ज्युबिली ब्लॉक अशी नावे रोग्यांच्या तोंडी बसली. बाहेरगावचा माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत उतरतो, पहाटे उठून फाइल काखोटीला मारतो आणि नंबर लावायला येतो. या दोन ठिकाणांचा उल्लेख संस्थेच्या इतिहासात करायलाच हवा. रिपोर्ट यायला चार दिवस लागणार असतील तर ते चार दिवस काढायला छप्पर हवे, नाहीतर रोगी निदानाआधीच गावी परत जातो.

खरी गोष्ट आता पुढे. तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे व्यवसाय करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला काही गाठी आयुष्यात एकदाच दिसतात. त्या गाठी देशभरातून इथे येतात, म्हणून इथे त्या वारंवार दिसतात. दुर्मीळ रोगाच्या बाबतीत मोठ्या रुग्णालयाचा हाच मोठा उपयोग.

मिसरूड फुटण्याच्या वयातला मुलगा घ्या. एका बाजूचे नाक बंद, अधूनमधून घोळणा फुटतो, आणि फुटला की थांबत नाही. आई सांगते, उन्हात खेळतो म्हणून होत असेल. नाकाच्या मागे गुळगुळीत लालसर गाठ दिसते आणि नवख्या डॉक्टरचा हात तुकडा घेण्याकडे जातो. इथे तुकडा घ्यायचा नसतो. ही बहुधा अँजिओफायब्रोमा असते, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली, जवळजवळ केवळ किशोरवयीन मुलांनाच होणारी. तिला डिवचले तर रक्त थांबवणे मुश्कील. सीटी स्कॅनवर गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे ढकललेली दिसते, त्यावरून निदान होते. म्हणजे तुकड्यावर भर देणाऱ्या संस्थेत तुकडा न घेणे हेही निदानाचेच कौशल्य. कानातही तसेच. रुग्ण सांगतो की नाडीबरोबर कानात धडधड ऐकू येते. पडद्यामागे लाल उंचवटा दिसतो. तिथे सुई टोचायची नाही. ती बहुधा ग्लोमस नावाची, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ असते आणि तिचे निदान रेडिओलॉजिस्टच्या खोलीत होते.

याच्या उलट नाकाच्या छतातल्या गाठीचे. नाक चोंदते, वास जातो, डोळा जरा पुढे येतो. तुकडा घेतला, काच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर सारे मैदान निळ्या, गोल, लहान पेशींनी भरलेले. या पेशी सगळ्या एकसारख्या दिसतात आणि त्यांची नावे मात्र अनेक असू शकतात : लिम्फोमा, रॅब्डोमायोसार्कोमा, मेलॅनोमा, वासाच्या चेतेपासून निघणारा ऑल्फॅक्टरी न्युरोब्लास्टोमा, आणखी काही. नुसत्या निळ्या रंगावर नाव लिहिणे म्हणजे अंदाज. म्हणून एकाच ब्लॉकमधून पातळ पातळ काप काढून प्रत्येकावर वेगळे प्रतिद्रव्य टाकतात. सीडी 45 ने पेशी तपकिरी झाल्या तर लिम्फोमा. डेस्मिन आणि मायोजेनिन लागले तर स्नायूंचा रोग. एचएमबी 45 लागले तर मेलॅनोमा. सिनॅप्टोफायसिन लागले आणि पेशींच्या पुंजक्यांच्या कडेकडेने एस 100 ची बारीक रेघ उमटली तर न्युरोब्लास्टोमा. रंग उमटण्याची जागासुद्धा पाहावी लागते. याचा परिणाम थेट उपचारावर होतो. लिम्फोमा असेल तर औषधांनी आणि गरजेप्रमाणे किरणांनी बरा होण्याची आशा असते, नाकाची मोठी शस्त्रक्रिया व्यर्थ ठरते. न्युरोब्लास्टोमा असेल तर शस्त्रक्रिया आणि मग किरण, हाच रस्ता. चुकीचे नाव म्हणजे एका कोवळ्या चेहऱ्यावर कारण नसताना चालवलेला चाकू. गेल्या काही वर्षांत आणखी खोलात जावे लागते. 15 आणि 19 या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन होणारा नट कार्सिनोमा हा अत्यंत आक्रमक रोग, बहुतेकांना वर्षाच्या आतच नेणारा. त्यासाठी वेगळे प्रतिद्रव्य आहे आणि ते आठवणीने टाकावे लागते. रोग आठवला नाही तर तो सापडतही नाही.

हे सगळे एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. म्हणून जॉइंट क्लिनिक. सर्जन, किरणोपचार तज्ज्ञ, औषधोपचार तज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात. स्कॅन पडद्यावर असतो, रुग्ण बाहेर बाकावर. स्कॅनमध्ये दिसते ते आणि काचेवर दिसते ते जुळत नसेल तर एकच मार्ग : पुन्हा तुकडा. रोग्याला आणि त्याच्या भावाला हे सांगणे जड जाते. ते म्हणतात, साहेब, आधीच एकदा घेतला, आता परत कशाला? दोन दिवस उशिरा पण बरोबर, हे पटवून द्यावे लागते. हे पटवणाऱ्या निवासी डॉक्टरांचे आणि नर्सताईंचे नाव कोणत्याच शोधनिबंधात येत नाही. स्मरणिकेत तरी ते नोंदवावे, म्हणून ही ओळ लिहिली.

निदान कुठे अपुरे पडते हेही याच संस्थेने तपासून पाहिले. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मान हाताला मोकळी लागते. मग मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की त्या दिसेपर्यंत थांबावे? जगभरात पन्नास वर्षे हा वाद चालू होता. डॉ. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात 596 रुग्ण नोंदवले आणि पहिल्या 500 जणांचे निष्कर्ष 2015 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची मान सुरुवातीलाच साफ केली त्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत होते, थांबून पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. हाताला मोकळ्या वाटणाऱ्या मानेत रोग आधीच पोचलेला असतो, हे त्यातून आकड्यांत सिद्ध झाले आणि जगभरच्या उपचाराची पद्धत बदलली. परळच्या एकाच रुग्णालयातल्या रोग्यांवर हे झाले याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

रोग परळपर्यंत येण्याची वाट पाहणेही कमी व्हायला हवे होते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली, तिला या संस्थेचा आधार होता. 2012 मध्ये राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड उभी राहिली आणि आज 300 हून अधिक रुग्णालये तिच्यात जोडली गेली आहेत. त्यामुळे आता नागपूर किंवा सिल्चरचा पॅथॉलॉजिस्ट शंका असेल तिथे विचारू शकतो. रोग्याने दोन दिवसांचा प्रवास करण्याऐवजी त्याची काच प्रवास करते.

यातली एक व्यवहाराची गोष्ट मात्र अजून सगळीकडे पोचलेली नाही. बाहेर बायोप्सी झालेला रोगी परळला नुसता कागदी रिपोर्ट घेऊन येतो. इथे कागदावर उपचार ठरत नाहीत. मूळ काचा आणि मेणाचे ब्लॉक इथल्या पॅथॉलॉजिस्टसमोर ठेवून पुन्हा पाहिल्या जातात, आणि ते नसतील तर नव्याने तुकडा घ्यावा लागतो. ब्लॉक आणि काचा मागून घेणे हा रोग्याचा हक्क आहे, संबंधित प्रयोगशाळेने त्या द्यायला हव्यात. गावातल्या प्रत्येक कान-नाक-घसा तज्ज्ञाने रोग्याच्या हाती चिठ्ठी देतानाच हे सांगावे : ब्लॉक घेऊन जा, काचा घेऊन जा, स्कॅनची सीडी घेऊन जा, आणि सुरुवातीला कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या ते लिहून घेऊन जा.